‘पर्यंत’ची पंचाईत

हाउसिंग सोसायटीची वार्षिक सभा. निम्मे सभासद मराठी, निम्मे अमराठी, म्हणून सेक्रेटरी काका इंग्रजीत बोलायला उभे राहतात. गच्चीवर मोबाइलचा टॉवर बसवू द्यायचा की नाही, यावर तावातावाने चर्चा चाललेली असते. काका टेबलावर हात आपटून गरजतात, ‘अनटिल आय ॲम अलाइव्ह, नो टॉवर!’ टाळ्या पडतात. गोंधळते ती मागच्या रांगेतली, लहानपणापासून परदेशात वाढलेली एक मुलगी. तिच्या कानांवर जे पडतं त्याचा अर्थ होतो, ‘मी जिवंत होईपर्यंत टॉवर नको.’ म्हणजे काका अजून जन्मायचे आहेत, आणि एकदा ते जन्मले की टॉवरला त्यांची हरकत नाही.

सभा कल्पनेतली आहे, वाक्य मात्र नाही. ते आणि त्याची भावंडं ऑफिसच्या ईमेलमध्ये, मुलाखतींत, भाषणांत रोज भेटतात. गंमत म्हणजे काकांच्या मनातलं मराठी वाक्य चोख होतं: ‘मी जिवंत आहे तोपर्यंत टॉवर होऊ देणार नाही.’ घात केला तो शाळेत घोकलेल्या एका समीकरणाने. अनटिल म्हणजे पर्यंत, पर्यंत म्हणजे अनटिल.

मराठीतला ‘पर्यंत’ हा एकत्र कुटुंबातल्या कर्त्या माणसासारखा आहे. वेळ तोच सांभाळतो (सोमवारपर्यंत), जागा तोच (ठाण्यापर्यंत), आकडा तोच (पन्नासपर्यंत) आणि अटसुद्धा तोच (पैसे देत नाही तोपर्यंत). इंग्रजीत हे घर विभक्त झालेलं आहे. तिथे अनटिल, बाय, ॲज लाँग ॲज, ॲज फार ॲज, अप टु, अनलेस अशा वेगवेगळ्या चुली आहेत आणि एकीवरचं भांडं दुसरीवर चालत नाही. यावर नियमांची यादी पाठ करण्याचा उपाय सांगितला जातो, पण बोलायची वेळ आली की यादी आठवत नाही. त्याहून कामाचा उपाय घरातच आहे. इंग्रजीत उतरण्याआधी मराठी वाक्य मराठीतच एकदा बदलून घ्यायचं. आपल्या भाषेत एकच गोष्ट सांगायच्या दोन-तीन तऱ्हा असतात, आणि त्यांतली एक इंग्रजीच्या दारापाशी आणून सोडते. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालांवर ज्या पिढ्यांनी इंग्रजी गिरवलं, त्यांच्यातले चांगले विद्यार्थी बहुधा हेच करत असावेत.

काकांच्या वाक्यापासूनच सुरुवात करू. ‘जिवंत आहे तोपर्यंत’ हे ‘जिवंत असेपर्यंत’ असंही म्हणता येतं. त्याच्याशेजारी ‘मरेपर्यंत’ ठेवून बघावं. दोन्हींचा काळ तोच, तसूभरही फरक नाही. पण ‘मरेपर्यंत’मध्ये बोट ठेवलंय ते काळाच्या शेवटच्या टोकावर, तिथे घडणाऱ्या घटनेवर. ‘असेपर्यंत’मध्ये बोट आहे मधल्या सगळ्या पट्ट्यावर, चालू असलेल्या स्थितीवर. इंग्रजी नेमकं इथेच रस्ते वेगळे करते. शेवटाची घटना सांगायची तर अनटिल: ‘अनटिल आय डाय’. चालू स्थिती सांगायची तर ॲज लाँग ॲज: ‘ॲज लाँग ॲज आय ॲम अलाइव्ह’. काकांनी एकीचं शेपूट दुसरीला जोडलं.

तेव्हा पहिली खूण अशी, की मराठी वाक्यात ‘असेपर्यंत’ बसत असेल तर अनटिलच्या वाटेला जाऊ नये. ‘पाऊस थांबेपर्यंत’ म्हणजे ‘अनटिल द रेन स्टॉप्स’. ‘पाऊस चालू असेपर्यंत’ म्हणजे ‘ॲज लाँग ॲज इट्स रेनिंग’. ‘आजी झोपेपर्यंत टीव्ही बघू नका’ आणि ‘आजी झोपलेली असेपर्यंत टीव्ही लावू नका’ या दोन वाक्यांमध्ये घरातलं भांडण मिटतं किंवा पेटतं. इंग्रजीत पहिल्याला अनटिल, दुसऱ्याला ॲज लाँग ॲज किंवा सरळ व्हाइल. ‘जोपर्यंत-तोपर्यंत’च्या जोडीत हा फरक झाकला जातो, ‘-ईपर्यंत’ आणि ‘असेपर्यंत’मध्ये तो उघडा पडतो. हिंदीतल्या ‘जब तक’चीही हीच अडचण आहे, त्यामुळे ‘अनटिल आय ॲम अलाइव्ह’ उत्तर भारतातही तितक्याच आवेशाने ऐकू येतं.

आता त्या ‘नाही’कडे वळू.

‘तू येत नाहीस तोपर्यंत मी जेवणार नाही.’ या वाक्यात दोन नकार आहेत. त्यातला दुसरा खरा, कारण जेवण खरंच होणार नाही. पहिला म्हटला तर आहे, म्हटला तर नाही. ‘तू येईपर्यंत मी जेवणार नाही’ असं म्हटलं की तो विरघळून जातो आणि अर्थाला धक्काही लागत नाही. हा विरघळणारा नकार इंग्रजीत तसाच नेला की होतं ‘अनटिल यू डोन्ट कम, आय वोन्ट ईट’. ऐकणारा बिचारा वजाबाक्या करत बसतो. अनटिलच्या पोटात तो नकार आधीच आहे, त्यामुळे ‘आय वोन्ट ईट अनटिल यू कम’ एवढं पुरतं. म्हणून ‘नाही तोपर्यंत’ आलं की त्याचं आधी ‘-ईपर्यंत’ करावं. पैसे मिळत नाहीत तोपर्यंत, म्हणजे पैसे मिळेपर्यंत. साहेब सही करत नाहीत तोपर्यंत, म्हणजे साहेब सही करेपर्यंत. मग नकार गळतो आणि अनटिल निर्धास्तपणे बसतं. नकार ठेवायचाच हट्ट असेल तर ‘ॲज लाँग ॲज यू डोन्ट पे’ व्याकरणात चालतं, कारण ‘पैसे न देणं’ हीसुद्धा एक चालू स्थितीच. पण त्याला धमकीचा वास येतो.

अशाच वाक्यांत आणखी एक खड्डा आहे, काळाचा. ‘जेव्हा तो येईल तेव्हा मी निघेन’ असं मनात जुळवलं की दोन्हीकडे भविष्यकाळ येतो, आणि तोंडातून निघतं ‘व्हेन ही विल कम’. इंग्रजीत वेळ किंवा अट सांगणाऱ्या तुकड्यात विल सहसा येत नाही. ‘व्हेन ही कम्स’, ‘अनटिल ही कम्स’, ‘ॲज सून ॲज ही कम्स’. हा नियम शिकवताना शिक्षक तो इंग्रजीचा विक्षिप्तपणा म्हणून शिकवतात. मुलांनाही तसाच वाटतो. पण मराठी माणूस दिवसभर काय बोलतो? ‘तो आला की निघू.’ ‘पाऊस पडला तर छत्री घे.’ ‘पगार झाला की देतो.’ यातलं काहीच अजून घडलेलं नाही, तरी क्रियापद चक्क भूतकाळाचं! म्हणजे अटीच्या तुकड्यात भविष्यकाळ टाळायची खोड आपल्यालाही आहे. आपण त्या जागी भूतकाळाचं रूप वापरतो, इंग्रज वर्तमानाचं वापरतो. ‘जेव्हा येईल तेव्हा’ ऐवजी ‘आला की’ म्हणायची सवय लावली, तर विल आपोआप गळून पडायला मदत होते.

ऑफिसात सगळ्यात महाग पडते ती बाय आणि अनटिलची अदलाबदल. ‘रिपोर्ट शुक्रवारपर्यंत पाठवतो’ आणि ‘मी शुक्रवारपर्यंत नागपूरला आहे’, दोन्हीकडे पर्यंतच. पण नागपूरचा मुक्काम रोज चालू राहणार आहे, तर रिपोर्ट एकदाच जाणार आहे. जे सलग चालू राहतं त्याला अनटिल किंवा टिल, जे एकदाच घडून मोकळं होतं त्याला बाय. ‘आय विल सेंड द रिपोर्ट टिल फ्रायडे’ या वाक्याचा अर्थ, शुक्रवार उजाडेस्तोवर रोज तोच रिपोर्ट पाठवत राहीन. वाचणारा समजूतदार असला तर मनातल्या मनात दुरुस्त करून घेतो, पण अशा समजूतदारपणावर मुदती सोपवू नयेत.

इथेही मराठीत पळवाट आहे. सरकारी पत्रांत ‘३१ मार्चअखेर’ असतं, दुकानदार ‘सोमवारच्या आत’ म्हणतो. जिथे ‘पर्यंत’च्या जागी ‘अखेर’ किंवा ‘च्या आत’ बसतं, तिथे बाय. ‘शुक्रवारच्या आत नागपूरला आहे’ असं कुणी म्हणत नाही, म्हणून तिथे अनटिल. एक बारकावा तेवढा राहतो. ‘सोमवारच्या आत’मध्ये सोमवार धरलेला नसतो, बाय मंडेमध्ये सहसा धरलेला असतो. आणि ‘अनटिल मंडे’मध्ये सोमवार आहे की नाही, यावर खुद्द इंग्रजी बोलणारेही अडखळतात. म्हणून अमेरिकी लोक ‘मंडे थ्रू फ्रायडे’ म्हणून शुक्रवार आत घेतात आणि ब्रिटिश कागदपत्रांत शेवटी ‘इन्क्लुसिव्ह’ लिहिलेलं असतं. आपल्याकडचं ‘सोमवार धरून’ तेच काम करतं. रजेच्या अर्जात तर हे लिहावंच.

वेळ बाजूला ठेवून जागेकडे आलं की अनटिलची सद्दी जवळजवळ संपते आणि ॲज फार ॲज पुढे येतं. याला आपल्याच रेल्वेच्या इतिहासाइतकं सोयीचं उदाहरण नाही. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली गाडी ठाण्यापर्यंत गेली. हे अंतर २१ मैलांचं, म्हणजे सुमारे ३४ किलोमीटरचं, आणि त्याला ५७ मिनिटं लागली. ‘द ट्रेन वेन्ट ॲज फार ॲज ठाणे.’ पुढे रूळ नव्हतेच, हे ॲज फार ॲजमध्ये सुचवलं जातं. नुसतं ‘वेन्ट टु ठाणे’ म्हटलं तर बातमी कळते, हद्द कळत नाही. पुढच्या वर्षी, १८५४ मध्ये, गाडी कल्याणला पोचली. १८५८ पर्यंत पुण्याच्या बाजूचे रूळही तयार झाले होते, पण मधला बोरघाट अजून फोडायचा होता. घाटातली लाइन १८६३ मध्ये सुरू झाली. तोपर्यंत प्रवासी पायथ्याशी उतरून पालखीने, तट्टावर किंवा गाडीने घाट चढत आणि वर पुन्हा आगगाडीत बसत.

या एका परिच्छेदात तीन ‘पर्यंत’ आले. ‘ठाण्यापर्यंत’ ही जागेची हद्द, म्हणून ॲज फार ॲज. ‘१८५८ पर्यंत रूळ तयार झाले होते’, म्हणजे ते काम त्या सालाच्या आत उरकलं होतं, म्हणून ‘बाय १८५८’. घाटातली ही कसरत मात्र सलग चालू राहिली, म्हणून ‘अनटिल १८६३’. इतिहासाच्या कुठल्याही पुस्तकातला असा तुकडा घेऊन मुलांकडून हा खेळ करून घेता येतो. व्याकरणाच्या पुस्तकातल्या राम-गोविंदापेक्षा यात जीव जास्त रमतो.

रस्ता सांगताना मात्र अनटिल परत येतं, पण क्रियापदाचा हात धरून. ‘पुलापर्यंत सरळ जा’ हे ‘गो स्ट्रेट ॲज फार ॲज द ब्रिज’ होतं, किंवा ‘अनटिल यू रीच द ब्रिज’. दुसऱ्यात ‘पुलाशी पोचेपर्यंत’ अशी घटना आहे. आकडा आला की दोघेही बाजूला होतात. ‘पन्नासपर्यंत माणसं बसतील’ याला ‘अप टु फिफ्टी’.

ॲज लाँग ॲज आणि ॲज फार ॲजचा एक डौलदार वापर मराठी माणसाच्या इंग्रजीत क्वचितच दिसतो. ‘लग्नाला लोक पार नागपूरहून आले’, ‘रांगेत तब्बल तीन तास उभे होतो’, ‘ही प्रथा थेट पेशवाईपासूनची’. या ‘पार’, ‘तब्बल’, ‘थेट’चं इंग्रजी करताना माणूस व्हेरी, टू मच असं काहीतरी चाचपडतो. इंग्रजीत ते काम हीच जोडी करते: ‘फ्रॉम ॲज फार अवे ॲज नागपूर’, ‘फॉर ॲज लाँग ॲज थ्री अवर्स’, ‘ॲज फार बॅक ॲज द पेशवाज’. ‘नजर जाईल तिथवर ऊस’ हेही ‘ॲज फार ॲज द आय कॅन सी’.

अंतर मोजणारे शब्द हळूहळू अट घालायला कसे लागले, हे बघण्यासारखं आहे. ‘जितका वेळ हे असं आहे, तितका वेळ ते तसं’ म्हणता म्हणता ‘हे असं असेल तरच ते तसं’ असा अर्थ आत शिरला. ‘यू कॅन टेक माय बाइक ॲज लाँग ॲज यू ब्रिंग इट बॅक बाय सिक्स’ यात लांबी कसलीच नाही. सहाच्या आत परत आणायची अट आहे, आणि अट घालताना आवाज चढलेला नाही. याचं मराठी ‘जर तू परत आणशील तर’ असं करणं म्हणजे बाइक देण्याआधी करारपत्र काढणं. घरात आपण म्हणतो, ‘ने की बाइक, सहाला परत आणलीस म्हणजे झालं.’ तो ‘म्हणजे झालं’ आणि हा ‘ॲज लाँग ॲज’, दोघांचा सूर एकच आहे. ‘कुठेही बसा, चपला बाहेर काढल्या म्हणजे झालं.’ ‘कितीही वाजता ये, शेजाऱ्यांना उठवलं नाहीस म्हणजे झालं.’ अशी वाक्यं मनात आली की बेधडक ॲज लाँग ॲज वापरावं. भाडेकरारात किंवा टेंडरमध्ये याच जागी ‘प्रोव्हायडेड दॅट’ येतं; मित्राला बाइक देताना ते वापरणारा माणूस बहुधा वकील असतो.

अटीच्या उलट्या बाजूला अनलेस आहे. ‘ओळखपत्र दाखवत नाही तोपर्यंत आत सोडणार नाही’, इथे पहारेकरी वेळ सांगतोय की अट? तुम्ही ओळखपत्र शोधताय आणि तो थांबलाय, तर अनटिल. ओळखपत्र घरीच राहिलंय, तर अनलेस. ‘-ईपर्यंत’ची किल्ली इथे अर्धवटच लागते, ‘दाखवल्याशिवाय’ म्हणून पाहावं. ‘शिवाय’ चपखल बसलं तर अनलेस घ्यावं, आणि त्याच्याही पोटात नकार आहे हे विसरू नये. ‘अनलेस यू डोन्ट शो’ हे ‘अनटिल यू डोन्ट कम’चं सख्खं भावंड.

मत मांडताना ॲज फार ॲज पुन्हा लागतं, आणि तिथे भलतीच ठिगळं दिसतात. ‘माझ्या माहितीप्रमाणे’ याचं ‘ॲज पर माय नॉलेज’ होतं, कारण ‘प्रमाणे’ला ॲज पर ही सांगड ऑफिसच्या पत्रव्यवहारात घट्ट बसलेली आहे. साधं, घरगुती इंग्रजी ‘ॲज फार ॲज आय नो’. मनात ‘मला ठाऊक आहे तिथवर’ म्हटलं की ते आपोआप सुचतं. ‘माझ्यापुरतं म्हणाल तर’ हे ‘ॲज फार ॲज आय ॲम कन्सर्न्ड’; ते शेवटचं कन्सर्न्ड गाळून ‘ॲज फार ॲज फूड, नो प्रॉब्लेम’ म्हणणारे पुष्कळ भेटतात, आणि त्यांत इंग्रजी मातृभाषा असलेलेही असतात. त्याजागी ‘ॲज लाँग ॲज आय ॲम कन्सर्न्ड’ मात्र कुठेच चालत नाही.

लाँग आणि फारच्या या गफलतीचं मूळ आपल्या ‘लांब’ या शब्दात असावं. दोरी लांब असते, गाव लांब असतं, भाषण लांबतं आणि लग्न लांबणीवर पडतं. इंग्रजीत दोरीला लाँग, गावाला फार, भाषणाला परत लाँग. ‘हाउ लाँग इज द स्टेशन?’ असं विचारणाऱ्याला फलाटाची लांबी सांगितली जाण्याची शक्यता आहे. अंतर विचारायचं तर ‘हाउ फार इज द स्टेशन’, वेळ विचारायचा तर ‘हाउ लाँग डझ इट टेक’. उत्तरात ‘स्टेशन दहा मिनिटांवर आहे’मधल्या ‘-वर’ला ‘टेन मिनिट्स अवे’. आणि ‘दहा मिनिटांची चाल’ म्हणजे ‘अ टेन-मिनिट वॉक’. मिनिटाच्या मागे अनेकवचनाचा एस तिथे लागत नाही. दोन ठिकाणांमधलं अंतर वेळेत मोजायची खोड मात्र दोघांचीही जुनी. इंग्रजीतला ‘जर्नी’ दिवस या अर्थाच्या फ्रेंच शब्दावरून आला, एका दिवसात कापायची वाट म्हणून. आपली ‘मजल दरमजल’ही मुक्कामामुक्कामानेच मोजली जाते.

‘पर्यंत’ची धाकटी बहीण ‘पासून’. ‘मी गेल्या पाच वर्षांपासून पुण्यात राहतोय’ याचं ‘आय ॲम लिव्हिंग इन पुणे सिन्स फाइव्ह इयर्स’ होतं, आणि मुलाखत घेणाऱ्याच्या भुवया उंचावतात. यात मराठीही जराशी दोषी आहे. ‘गेल्या पाच वर्षांपासून’ हा वर्तमानपत्री थाट; जुनी माणसं ‘गेली पाच वर्षं मी पुण्यात राहतोय’ म्हणतात. तसं म्हटलं की ‘पासून’ उरतच नाही, मग सिन्स येणार कुठून? पाच वर्षं हा पट्टा, त्याला फॉर: ‘आय हॅव बीन लिव्हिंग इन पुणे फॉर फाइव्ह इयर्स’. ‘२०१९ पासून’मध्ये खराखुरा आरंभबिंदू आहे, तिथे सिन्स हक्काने यावं. डेक्कन क्वीन १९३० पासून धावते, म्हणून ‘सिन्स १९३०’; ती गेली नव्वदहून अधिक वर्षं धावतेय, म्हणून ‘फॉर मोर दॅन नाइन्टी इयर्स’.

स्पेलिंगची एक शंका नेहमी विचारली जाते. टिल हे अनटिलचं लघुरूप समजून काहीजण त्याच्या डोक्यावर स्वल्पविरामासारखं चिन्ह देतात आणि शेवटचा एल गाळतात. प्रत्यक्षात टिल हा दोघांतला वडील. अनटिल नंतर आला, आणि वर आपला एक एल हरवून बसला.

शेवटी एक ‘तोपर्यंत’ उरतो, जो वरच्या कुठल्याच खणात मावत नाही. पाहुणे आलेत, घरची बाई स्वयंपाकघरातून म्हणते, ‘तुम्ही चहा घ्या, तोपर्यंत हे येतीलच.’ इथे अनटिल देन लावलं तर यजमान येताच पाहुण्यांच्या हातातला कप काढून घ्यायला हवा. बाय देन लावलं तर चहा संपवायची मुदत पडते. मीनव्हाइल चूक नाही, पण ते बातम्या सांगणाऱ्याच्या तोंडी शोभतं. इंग्रजी घरातली बाई म्हणेल, ‘हॅव सम टी व्हाइल यू वेट, ही’ल बी हिअर एनी मिनिट.’